जावक वहीतली नोंद

४ ऑक्टोबर

शपथेच्या चौथ्या ओळीपर्यंत माझा आवाज नीट होता. डाव्या हातात कागद, उजवा हात शुभवर्तमानाच्या ग्रंथावर. पाचवी ओळ अशी होती : ‘मदरने लिहिलेला एकही कागद मी दडवलेला, नष्ट केलेला किंवा बाजूला ठेवलेला नाही.’ ‘मदरने’पर्यंत आले आणि हात काढून घेतला. म्हणाले, "माफ करा, घसा बसलाय."

बिशप, दोन फादर आणि टाइप करणारी बाई. चौघांनी एकदम पाण्याच्या जगकडे पाहिलं. मी पाणी प्यायले. घशाला काही झालेलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी दोनदा खोकले. शपथ पुढे ढकलली. बिशपांची डायरी भरलेली असते, त्यामुळे आता ७ नोव्हेंबर.

ताई, पत्र लिहायचं तर आधी तब्येत विचारायला हवी होती. एकोणीस वर्षं विचारली नाही, आज कुठल्या तोंडाने विचारू? म्हणून सकाळी जे झालं तिथूनच सुरुवात केली.

कामाचं सांगते. तुझ्या त्या कॉन्व्हेंटच्या संस्थापिका, मदर, यांना संत ठरवण्याची प्रक्रिया आपल्या बिशपांनी सुरू केली आहे. पहिली पायरी इथेच होते. बिशप तिघांची इतिहास समिती नेमतात. समितीने मदरच्या हातचा प्रत्येक कागद शोधायचा. छापलेला, न छापलेला, पत्र, चिठ्ठी, औषधांची यादीसुद्धा. गोड तेवढं ठेवलं आणि कडू गाळलं, असं चालत नाही. आणि सुरुवातीलाच प्रत्येकाने शपथेवर सांगायचं की आपण स्वतः काही लपवलेलं नाही. त्या तिघांत मी आहे. मदरवर पुस्तक लिहिणारी मी एकटीच, तेव्हा मला वगळणार कसे?

आमच्यातले कायदा बघणारे जे फादर आहेत, त्यांना माझे विद्यार्थी ‘फादर कलम’ म्हणतात. त्यांना शिंक आली तरी ती चर्चच्या कायद्याच्या कोणत्या कलमात बसते हे आधी बघतात, मग रुमाल काढतात. त्यांनी एक यादी केली आहे. मदरच्या हाताखाली राहिलेली आणि आज हयात असलेली माणसं. अकरा महिने तू तिथे नोव्हिस होतीस, व्रतं घ्यायला एक वर्ष उरलं होतं. त्यामुळे यादीत तू आहेस. प्रत्येकाला दोन प्रश्न. मदरचा एखादा कागद तुमच्याकडे आहे का? आणि साक्ष द्याल का?

ते दोन प्रश्न तुला विचारते आहे. ‘नाही’ लिहिलंस तरी चालेल. एक ओळ पुरे.

धाकटी


१३ ऑक्टोबर

ताई,

कार्ड मिळालं. ‘तुझ्या मदरचा एकही कागद माझ्याकडे नाही. माझ्याबद्दल जे होतं ते तू पुस्तकात छापलंस. एक ओळ. गाडी शिकायची असेल तर लिही, नाहीतर लिहू नको.’ अक्षर अजून तसंच आहे. उकारांना लांब शेपट्या.

ती ओळ मला पाठ आहे. पान एकशे बेचाळीस. ‘त्या वर्षी एका नोव्हिसला शिस्तभंगाच्या कारणावरून घरी पाठवण्यात आले.’ प्रकाशनाच्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत बसून ते पान वाचलंस, पुस्तक खुर्चीवर पालथं ठेवलंस आणि उठून गेलीस. मी व्यासपीठावरून बघत होते. भाषण थांबवलं नाही.

भाऊजींचा फोन आला होता. "मी फोन केला हे तिला कळता कामा नये," म्हणाले. मागे मैदानात तू कोणाला तरी शिकवत होतीस. "अहो काका, क्लच सोडा म्हटलं, हात नाही!" भाऊजी म्हणाले, "तुझं पत्र तिने तीनदा वाचलं. मग गाडीच्या कप्प्यात ठेवलं. फाडलं नाही. त्यावरून काय समजायचं ते तू समज." त्यांना रागावू नकोस. मी सांगते आहे कारण या पत्रांत काही झाकायचं नाही असं ठरवलं आहे.

म्हणजे ठरवते आहे.

तर ऐक. मदरचा एक कागद तुझ्याकडे असायला हवा होता.

कॉन्व्हेंटच्या दप्तरात जावक वही असते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची तिच्यात नोंद. वीस वर्षांपूर्वीची एक नोंद अशी आहे : ‘मदरचे बंद पाकीट, एक. पाकिटावर नाव असलेल्या व्यक्तीस पोचवण्यासाठी तिच्या धाकट्या बहिणीकडे दिले.’ खाली माझी सही. पाकिटावर तुझं नाव.

मदर गेल्या तेव्हा ते त्यांच्या टेबलाच्या खणात मिळालं. टपालात टाकायचं राहिलं की टाकायचा धीर झाला नाही, हे कोणालाच माहीत नाही. दप्तर सांभाळणाऱ्या सिस्टरने ते चार वर्षं जपलं. मी पीएचडीसाठी तिथे जाऊ लागले आणि तिला कळलं की मी तुझी बहीण. तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं. "तुझ्या ताईचं आहे. तिच्याच हातात दे."

मी दिलं नाही. प्रबंधाची घाई होती, तू दुसऱ्या गावी होतीस, मग पुस्तक आलं, मग आपलं बोलणंच थांबलं. राहून गेलं. पाकीट माझ्या खणात आहे, कुलपात, बंद.

आता फादर कलमना ती नोंद सापडली आहे आणि ते हरखून गेले आहेत. मागच्या आठवड्यात वही काखेत घेऊनच माझ्या खोलीत आले. "मॅडम, आपण जगभर शोधतोय आणि पत्र तुमच्या घरात! बहिणीकडून प्रत मागवा." मी "हो" म्हणाले. वर "लगेच" असंही म्हणाले.

रजिस्टरने पाठवू की घेऊन येऊ? तू म्हणशील तसं.

धाकटी


१९ ऑक्टोबर

ताई,

फोनवर तू बोललीस ते सगळं मिळून अर्धं मिनिट. "राहून जातो तो इस्त्रीचा प्लग. पत्र वीस वर्षं राहून जात नाही. पाठवू नकोस, आणू नकोस, कोणाला दाखवू नकोस. आधी खरं काय ते लिही. मग बघू." आणि फोन ठेवलास.

लिहिते.

पाकीट बंद नाही. मिळालं त्याच आठवड्यात मी ते उघडलं. कागद कापायच्या सुरीने, वरच्या कडेने, नीट. संशोधकाने कागद वाचायचा असतो असं स्वतःला सांगितलं. मी तुझी बहीण आहे हे तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

प्रबंध परीक्षकांकडे जायला सहा आठवडे उरले होते. चौथं प्रकरण मदरच्या कारभारावर. त्याचा कणा एका वाक्यात होता : मदरने एकदा घेतलेला निर्णय कधी बदलला नाही आणि कोणत्याही निर्णयाची खंत कुठेही नोंदवली नाही. पुढची तीस पानं मी हे दाखवण्यात घालवली होती की हा कठोरपणा नव्हता, ही आज्ञाधारकपणाच्या जुन्या धर्मशास्त्रात मुरलेली प्रीती होती. माझ्या मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणाले होते, "हे उभं राहिलं की सगळं उभं राहिलं."

आणि माझ्या टेबलावर मदरची खंत पडली होती. चार पानं. तुझ्या नावाने.

सहा आठवड्यांत प्रकरण नव्याने लिहिता आलं असतं. मी तेव्हा तीस वर्षांचीही नव्हते, रात्रंदिवस काम करत होते. एक तळटीप दिली असती तरी निभावलं असतं. तुला पत्र देऊन टाकलं असतं तर मला काही ठाऊक नाही असं दाखवता आलं असतं. पण तू ते वाचून गप्प बसणाऱ्यातली नाहीस. म्हणून खणात ठेवलं.

यातली सफाई बघ. प्रबंधाच्या शेवटी कॉन्व्हेंटमधल्या कागदांची यादी होती. हा कागद तिच्यात नव्हता, कारण तो कॉन्व्हेंटमध्ये नव्हता. तो जावक झाला होता. आणि ज्याच्या नावाने जावक झाला त्याच्याकडे तो पोचला आहे, असं वही सांगत होती. माझ्या सहीने. नियमाने बघशील तर कुठेही बोट ठेवायला जागा नाही. परीक्षकांनी यादीचं विशेष कौतुक केलं.

पुढचं लिहायला कालपासून पेन हातात घेते आणि खाली ठेवते.

तू घरी आलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. तू दारात उभी होतीस, ट्रंक पायाशी, केस कानापर्यंत कापलेले. बाबांच्या हातात मदरची चिठ्ठी आधीच आलेली. बाबा म्हणाले, "काय केलंस?" तू म्हणालीस, "आमच्यातली एक मुलगी तापात बडबडत होती. मौनाचा आठवडा होता. कोणी बोलेना, कोणी डॉक्टर बोलवेना. मी दार उघडून बाहेर गेले आणि डॉक्टरला घेऊन आले." बाबा म्हणाले, "इथे शिस्तभंग लिहिलंय." तू म्हणालीस, "तेही खरंच आहे." बाबा म्हणाले, "मदर उगाच लिहितील का?"

त्यानंतर त्यांनी तुझं काही ऐकलं नाही. वीस वर्षांची मुलगी दार उघडून बाहेर गेली ती कशासाठी गेली असेल, हे त्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं.

माझं पुस्तक त्यांनी कपाटात दर्शनी ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पान एकशे बेचाळीस त्यांनी वाचलं होतं. मला एकदा म्हणाले, "तूसुद्धा अभ्यास करून तेच लिहिलंस. म्हणजे माझं चुकलं नाही." दोन वर्षांनी ते गेले. तू दफनाला आलीस, मागे उभी राहिलीस, माती टाकलीस आणि माझ्याशी दोन वाक्यं बोललीस. दोन्ही पावसाबद्दल होती.

बाबांच्या आयुष्यातली शेवटची तीन वर्षं ते पत्र त्यांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर होतं. हे खरं आहे. याच्या खाली आणखी काही नाही.

धाकटी


२७ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही. भाऊजींचा निरोप आहे : ‘वाचलं. जेवली नाही. संध्याकाळच्या दोन्ही बॅचेस घेतल्या, एकाला नापास करण्याची धमकी दिली.’ एवढ्यावर लिहिते आहे.

दोघांना सांगून आले.

आधी फादर कलम. त्यांची खोली तुला आवडेल. तिच्यात एकही वस्तू तिरकी नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"किती वर्षं?"

"वीस."

"खण कोरडा आहे?"

"हो."

"कुलूप?"

"आहे."

"बरं. म्हणजे कागद चांगल्या स्थितीत असणार." मग चष्मा काढला आणि पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. "मॅडम, मी तुमच्यासाठी कलम शोधतोय. सापडत नाही."

मी म्हणाले, "शोधू नका."

"शोधायची सवय आहे." चष्मा घातला. "ऐका. पत्र बहिणीचं आहे. तिची परवानगी नसेल तर मी प्रत मागणार नाही, आणि तुम्हीही द्यायची नाही. पण असं पत्र आहे, आणि ते इतकी वर्षं कुठे होतं, हे तुम्ही सात तारखेला शपथेवर सांगायचं. तुम्ही समितीवर राहायचं की नाही ते बिशप ठरवतील. बहुतेक नाही. साक्षीदार म्हणून मात्र बोलावतील."

"आणि मदरची केस? पडेल?"

"मी सव्वीस वर्षं हे काम करतोय. थोर लोकांचे कागद वाचतो. उपदेश पोत्याने मिळतात. ‘माझं चुकलं’ असं सहीनिशी लिहिलेलं पत्र मी अजून पाहिलेलं नाही." मग म्हणाले, "मी काय म्हणालो ते टाइप करणाऱ्या बाईंना सांगू नका. माझं मत नोंदवायची पद्धत नाही."

मग कॉन्व्हेंट.

तू पाहिलेलं कॉन्व्हेंट आता नाही. अकरा सिस्टर्स उरल्या आहेत, सगळ्यांत तरुण तीही पन्नाशी ओलांडलेली. वसतिगृहाच्या जागेत संगणकाचे वर्ग चालतात. रविवारी मिस्साला पुढचे चार बाक भरतात, त्यातला एक त्यांचाच. नऊ वर्षांत एकही नोव्हिस आलेली नाही, त्याआधी आलेल्या टिकल्या नाहीत. मदर संत झाल्या तर मुली येतील असं त्या कोणी बोलून दाखवत नाहीत, पण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतल्या पलंगांवर दर महिन्याला धुतलेल्या चादरी घालतात. मी विचारलं कोणासाठी, तर म्हणाल्या, "पाहुणे येतात की." पाहुणे येत नाहीत.

दप्तर सांभाळणाऱ्या सिस्टर खाली असतात, जिन्याशेजारच्या खोलीत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी तुला लिहिली नाही. लिहिली असती तर तू तेव्हाच फोन केला असतास आणि मला खोटं बोलता आलं नसतं. तुम्ही नोव्हिस त्यांना ‘पेन्सिल’ म्हणायचात.

हो, तीच. मौनाच्या आठवड्यात तापात बडबडणारी.

ती जगली हे तुला कोणी कळवलं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टर आणलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला घरी पाठवलं, आणि कॉन्व्हेंटमधून आपल्या घरी पुढे एक ओळ आली नाही. तेव्हा मी कळवते, छत्तीस वर्षांनी. ती जगली. मेंदूचा ताप होता. डॉक्टर म्हणाले होते की दुपारपर्यंत थांबलं असतं तर उपयोग नव्हता. डावा कान गेला. बाकी सगळं शाबूत आहे, जीभ तर जास्तच.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं. त्या फाइलीला दोरी बांधत होत्या. गाठ मारून झाली तरी दोरी हातातच होती.

"म्हणजे तिला मिळालंच नाही."

"नाही."

"मी समजत होते तिने वाचलं आणि माफ केलं नाही. मी स्वतःला म्हणायचे, बरोबर आहे तिचं. माझ्यापायी तिचं आयुष्य गेलं, ती कशाला पत्र लिहील?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं कोणी माझ्याकडे शाळेनंतर पाहिलं नव्हतं. "तू इथे बसून माझ्या हातचा चहा प्यायलीस. वीस वर्षं! साखर कमी म्हणून सांगायचीस! आणि मी मेली डबा उघडून परत घालायचे!"

 त्या खूप बोलल्या. अर्धा तास तरी. जिन्यावरून दोन सिस्टर्स काय झालं म्हणून खाली उतरल्या आणि तशाच वर गेल्या. शेवटी दम लागला तेव्हा थांबल्या, पदराने नाही, दप्तर पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "ती करते काय हल्ली?"

"गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूल आहे तिचं."

"स्वतःचं?"

"स्वतःचं. दोन गाड्या."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "ती मागे बसणाऱ्यातली नव्हतीच." आणि मग हसल्या, ताई. डोळे लाल आणि हसताहेत. मला म्हणाल्या, "तुला आज चहा नाही."

साक्षीसाठी त्यांचंही नाव आहे. तुझ्याबद्दल त्या सांगणार आहेत, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

धाकटी


६ नोव्हेंबर

ताई,

आज दुपारी तुझं कार्ड आलं. ‘तू वाचलंच आहेस तर त्यात काय आहे ते लिही. चार पानं नकोत. गाडी चालवताना आठवेल एवढंच.’ शपथ उद्या आहे. हे पत्र त्याआधी तुला पोचणार नाही. तरी आजच लिहिते.

पहिलं पान तब्येतीचं आणि देवाचं. ते तू स्वतः वाच. दुसऱ्या पानावर हे आहे. मला पाठ आहे, तरी बघून लिहिते आहे, कारण माझ्या पाठांतरावर तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही.

‘तू दार उघडून गेलीस ते बरोबर होते. मुलगी कण्हत होती आणि मी मौन मोडले नाही. त्याला मी देवाची आज्ञा म्हटले. ती देवाची आज्ञा नव्हती. मला भीती वाटत होती की एकदा नियम मोडला तर माझे कोणी ऐकणार नाही.’

आणि शेवटच्या पानावर :

‘तुझ्या वडिलांना मी लिहिले ते अर्धेच खरे होते. अर्धे मी गाळले. त्यांना पुन्हा लिहीन असे दर वर्षी ठरवते. तुला परत ये म्हणायला मला तोंड नाही. तू जिथे असशील तिथे तुझे दार कोणी बंद करू नये एवढे मागते.’

तारीख आहे. मदर जाण्याआधी पाच महिने. खाली सही.

बस. एवढंच आठवू दे.

आता माझं. मंगळवारी वर्गात गेले. सध्या सहा जण आहेत : दोन तरुण फादर, एक सिस्टर, एक निवृत्त पोस्टमास्तर, देव न मानणारा एक मुलगा जो सगळ्यांत जास्त वाचून येतो, आणि एक मुलगी जिला बाकीचे ‘तळटीप’ म्हणतात, कारण तिला प्रत्येक वाक्याचा पुरावा लागतो. मी चौथं प्रकरण उघडलं आणि सांगितलं की यातलं मुख्य विधान खोटं आहे, मला ते लिहिताना माहीत होतं, आणि ते मी छापून मागे घेणार आहे.

 मग तळटीप म्हणाली, "मॅडम, परीक्षेला हे प्रकरण आहे ना?"

"आहे."

"मग उत्तरात काय लिहायचं?"

पोस्टमास्तर म्हणाले, "अगं, बाईंचं आभाळ फाटलंय आणि तुला मार्कांची पडलीय!"

"तसं नाही काका. खोटं आहे ते कळलं. आता खरं काय ते कळायला नको?"

देव न मानणारा मुलगा म्हणाला, "मला तर ही मदर आज पहिल्यांदा आवडली." दोन्ही फादर त्याच्याकडे वळले आणि तास संपेपर्यंत वाद चालला. ज्याने चूक कबूल केली पण दुरुस्त केली नाही, त्याच्या पुण्याईचं काय करायचं. कबुली पुरे की भरपाईही हवी. मी पंधरा वर्षं हा विषय शिकवते. त्या वर्गात मी पहिल्यांदाच नुसतं ऐकलं. तळटीपने दोन पानं लिहून घेतली. तासानंतर थांबून म्हणाली, "ज्यांना पत्र लिहिलं होतं त्या आहेत का हयात?" मी म्हणाले, "आहेत." ती म्हणाली, "मग त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही नवीन प्रकरण लिहू नका." बावीस वर्षांची आहे. मी त्या वयात हे कोणाला विचारलं असतं तर.

प्रकाशकांना पत्र गेलं आहे. विद्यापीठालाही. विभागप्रमुख आधी म्हणाले, "कशाला ओढवून घेता?" आणि मग, मी ऐकत नाही असं बघून, "निदान सेमिस्टर संपू द्या." मी सेमिस्टर संपेपर्यंतही थांबले नाही. नोकरीचं काय होईल ते ठाऊक नाही. झोप मात्र लागते आहे. हे सांगायची मला लाज वाटते, कारण तुझी मी घालवली आहे.

उद्या दहा वाजता बिशप हाऊस. पाकीट बॅगेत ठेवलं आहे. तू परवानगी दिलेली नाही, तेव्हा ते बॅगेतच राहील. असं पत्र आहे एवढंच मी सांगेन, आणि ते पोचवायचं काम माझं होतं. त्यात काय आहे हे विचारलं तर सांगेन की ते ज्यांचं आहे त्यांना विचारा.

भाऊजींचा आज फोन आला नाही. दोनदा मीच उचलून ठेवला.

तू यावंस असं मला वाटतं. ते मागायचा हक्क नाही, म्हणून मागत नाही. वाटतं एवढंच लिहिते.

धाकटी


७ नोव्हेंबर

वरचं पत्र टपालात टाकलं नाही.

सकाळी साडेनऊला मी बिशप हाऊसला पोचले तेव्हा ताई पायऱ्यांवर उभी होती. भाऊजी गाडी लावायला जागा शोधत होते; वेळ त्यांनी फादर कलमना फोन करून विचारली होती. तिने हात पुढे केला, मी पाकीट दिलं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि चारही पानं वाचली. दप्तरवाल्या सिस्टर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. दोघी एकदम बोलू लागल्या.

दहाला फादर कलम बाहेर आले. ताई त्यांना म्हणाली, "प्रत काढायची तर काढा. मूळ कागद माझ्याकडे राहील." ते म्हणाले, "तसंच कलम आहे."

ताईची साक्ष साडेबारापर्यंत चालली. मग मला आत बोलावलं. भाऊजींनी ताईला विचारलं, निघू या का. ती नाही म्हणाली आणि बाहेर थांबली.